डाग मोजणारा माणूस

दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून मी कलाशाखेत आलो. तेव्हा मी एका गणित्याविषयी लिहावे, याचे मित्रांना नवलच वाटेल. पण रिचर्ड कॅरिंग्टनची हकीकत वाचली आणि राहवले नाही.

कॅरिंग्टनचा जन्म १८२६ सालचा, लंडनच्या चेल्सी भागातला. वडिलांचा बिअरचा कारखाना होता. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची इच्छा. मुलगा केंब्रिजला गेला आणि आकाशात रमला! १८५३ मध्ये रेडहिल येथे त्याने स्वतःची वेधशाळा उभारली. रात्री तारे पाहायचे, दिवसा सूर्यावरील डाग.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे गॅलिलिओच्या काळापासून ठाऊक होते. एका फेरीला किती दिवस लागतात, यावर मात्र एकमत नव्हते. कॅरिंग्टनने साधी युक्ती योजली. दुर्बीण स्थिर ठेवून सूर्याची प्रतिमा पडद्यावर घ्यायची. दुर्बिणीत एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन तिरप्या तारा. प्रतिमा सरकताना सूर्याची कड आणि डाग त्या तारांवर केव्हा येतात, त्या वेळा घड्याळावर टिपायच्या. या वेळांवरून त्रिकोणमितीने डागाचे सूर्यावरील अक्षांश-रेखांश काढायचे. पृथ्वीही सूर्याभोवती त्याच दिशेने फिरत असल्याने आपल्याला ही फेरी सुमारे २७ दिवसांची दिसते. तो फरक वजा केला की खरा काळ मिळतो.

आकडे जुळेनात. विषुववृत्ताजवळचे डाग सुमारे २५ दिवसांत फेरी पुरी करीत. ३० अंशांवरचे दीड दिवस अधिक घेत. दुसरा कोणी सरासरी काढून मोकळा झाला असता. कॅरिंग्टनने ओळखले, की ही मोजण्यातली चूक नव्हे. सूर्याचा पृष्ठभाग घन गोळ्यासारखा एकसंध फिरतच नाही!

डागांचे अकरा वर्षांचे संपूर्ण चक्र टिपायचा त्याचा संकल्प होता. पण १८५८ मध्ये वडील वारले, कारखाना गळ्यात पडला, आणि १८६१ मध्ये वेध थांबले. होते तेवढे आकडे त्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने छापले. १८७५ मध्ये, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तो गेला.

९ नोव्हेंबर १८५३ पासून मोजलेल्या सूर्याच्या फेऱ्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. शाळेत उत्तर जुळले नाही की मी ते मुकाट्याने खोडून टाकत असे. कॅरिंग्टनने ते खोडले नाही. मला गणित आले नाही ते यामुळेच, असे आता वाटते.