विश्लेषण : दगड ‘उकळला’ आणि पुढे वायू गाळू लागला... कोण होते क्रॉनस्टेट?

नैसर्गिक वायू जहाजाने न्यायचा तर तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करतात. त्यात पाण्याचा अंश उरला तर बर्फ होऊन नळ्या तुंबतात. म्हणून हा वायू आधी झिओलाइटच्या मण्यांतून सोडतात. ‘झिओलाइट’ हे नाव दिले स्वीडनच्या आक्सेल फ्रेडरिक क्रॉनस्टेट या खाण अधिकाऱ्याने.

निकेल शोधले, पण...

क्रॉनस्टेट यांचा जन्म १७२२ चा. वडील लष्करी अधिकारी. उप्सालात शिक्षण झाल्यावर ते सरकारी खाण खात्यात रुजू झाले. १७५१ मध्ये त्यांनी कोबाल्टच्या खाणीतील खनिजातून निकेल हा नवा धातू वेगळा केला. अनेकांना ते पटेना. हे तर कोबाल्ट, लोह, आर्सेनिकचे मिश्रण, असा आक्षेप होता. तोर्बेर्न बर्गमन यांच्या प्रयोगांनी १७७५ मध्ये शंका मिटली. तोवर क्रॉनस्टेट यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. त्यांना आयुष्य मिळाले अवघे ४२ वर्षांचे. खनिजांची वर्गवारी रूपावरून नव्हे, तर रासायनिक घटकांवरून करणारे त्यांचे १७५८ चे पुस्तकही निनावीच निघाले होते!

दगड का उकळला?

फुंकनळीने ज्योतीचा झोत खनिजावर सोडून ते पारखण्यात क्रॉनस्टेट वाकबगार होते. १७५६ मध्ये एक खनिज असे तापवताच फुगले, फसफसले. ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या शब्दांवरून त्यांनी त्याला झिओलाइट म्हटले. ती वाफ होती दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत दडलेल्या पाण्याची. छिद्रांची कल्पना मात्र तेव्हा कुणालाच नव्हती.

कारखान्यात आज तेच घडते. मणी पाण्याने भरले की गरम वायू सोडून ते पाणी हुसकतात आणि मणी पुन्हा कामाला लागतात. प्लास्टिकसाठी लागणारे इथिलीन वेगळे करण्याआधी वायूमिश्रण ‘३ए’ प्रकारच्या चाळणीतून कोरडे करतात. तिची छिद्रे सुमारे ०.३ नॅनोमीटरची, पाण्याचा रेणू आत शिरतो, इथिलीनचा बाहेरच राहतो.

हे मणी कृत्रिम असतात. अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ मध्ये ‘ए’ प्रकारचे झिओलाइट प्रयोगशाळेत बनवले, त्यानंतर हा उद्योग उभा राहिला. नाशिक, जळगावकडच्या काळ्या दगडात सापडणारे स्टिल्बाइटसारखे देखणे झिओलाइट मात्र जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत जातात.