विश्लेषण : किडनीच्या सोनोग्राफीला डॉप्लर यांचे नाव कसे?

तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर ‘रीनल डॉप्लर’ करायला सांगू शकतात. हे नाव यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नव्हे. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लर यांचे आहे. त्यांनी आयुष्यात सोनोग्राफी पाहिली नाही.

कोण होते डॉप्लर?

जन्म २९ नोव्हेंबर १८०३, साल्झबर्गचा. घराणे पाथरवटांचे, पण नाजूक प्रकृतीला छिन्नी-हातोडा झेपणारा नव्हता. ते गणिताकडे वळले, मात्र कायमची नोकरी मिळेना. काही काळ सूतगिरणीत हिशेब लिहिले. १८३५ मध्ये अमेरिकेला जायचे म्हणून सामानसुमान विकायला काढले, तोच प्रागमध्ये शिक्षकाची जागा मिळाली.

सिद्धान्त काय होता?

२५ मे १८४२ रोजी प्रागमध्ये मोजक्या श्रोत्यांपुढे त्यांनी तो मांडला. लहरींचा उगम जवळ येत असेल तर वारंवारता वाढते, दूर जाताना घटते. जोडताऱ्यांचे रंग यामुळेच वेगवेगळे दिसतात, असे त्यांना वाटले. इथे ते चुकले; ताऱ्याचा रंग मुख्यतः तापमानावर ठरतो. तत्त्व मात्र खरे होते. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइज बॅलट यांनी धावत्या रेल्वेवर वादक बसवून ते आवाजावर तपासले. तरीही १८५२ मध्ये व्हिएन्नातील गणितज्ञ पेट्झवाल यांनी डॉप्लर यांच्यावर कठोर टीका केली. तोवर ते छातीच्या आजाराने खंगले होते. हवापालटासाठी व्हेनिसला गेले आणि तिथेच १७ मार्च १८५३ रोजी वारले. वय अवघे ४९.

किडनीशी संबंध कसा?

शंभर वर्षांनी, १९५० च्या दशकात, जपानच्या शिगेओ सातोमुरा यांनी हेच तत्त्व अल्ट्रासाउंडला लावून हृदयाची हालचाल टिपली. पुढे रक्ताचा वेगही मोजता येऊ लागला. पाइपचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात उडते. धमनी अरुंद झाली की तिथे रक्तही तसेच वेगाने धावते. किडनीच्या धमनीत हा वेग सेकंदाला साधारण २०० सेंटिमीटरच्या वर गेला, तर मोठ्या अडथळ्याचा संशय येतो. रक्त कमी पोहोचल्याने किडनी रेनिन सोडते, रक्तदाब चढतो. दुर्लक्ष झाले तर किडनीच निकामी होऊ शकते.

या तपासणीत किरणोत्सर्ग नाही आणि किडनीवर ताण आणणारे रंगद्रव्यही नाही. अडचण पोटातल्या वायूची. म्हणूनच अनेक ठिकाणी उपाशीपोटी बोलावतात.