अंगणात आलेली शाळा



स्मरणिकेसाठी संयोजकांनी शाळेच्या आठवणी मागितल्या. मी लिहिते आहे ते शाळेच्या आधीच्या वर्षांबद्दल, ताराबाई मोडकांच्या निमित्तानं. अंगणवाडी सेविका म्हणून पंचवीसहून जास्त वर्षं झाली. ताराबाईंचं नाव मी पहिल्यांदा प्रशिक्षणात ऐकलं, आणि त्या दिवशी मला आपल्या वर्गातली एक मुलगी आठवली.

1974 साली आपण पहिलीत बसलो तेव्हा वालूरमध्ये आपल्यासाठी बालवाडी नव्हती. बारवेच्या कडेला, देवळाच्या ओट्यावर खेळता खेळता एक दिवस उचलून वर्गात नेऊन बसवलं. ही मुलगी यायची ती धाकट्या भावाला कडेवर घेऊनच. आई-बाप रोजानं शेतात. लेकरू रडलं की ती उठून बाहेर जायची. दुसरीत ती बाहेर गेली ती परत आलीच नाही. बेरजा आपल्या सगळ्यांआधी व्हायच्या तिच्या.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईचा. 1914 मध्ये त्या बी. ए. झाल्या. त्या काळात किती बायका पदवीपर्यंत पोचत असतील! लग्न झालं, अमरावतीत संसार मांडला, तो टिकला नाही. पदरी लहान मुलगी. राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची नोकरी होती. ती सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. वकिली सोडलेले गिजुभाई तिथं माँटेसरीबाईंच्या पद्धतीनं अडीच-तीन वर्षांच्या मुलांना शिकवत होते. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाईंनी शिक्षणपत्रिका मराठीत आणली, दादरला शिशुविहार उभं केलं.

इथंच थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं. पण शिशुविहारात येणारी मुलं बऱ्या घरची होती, आणि माँटेसरीची साधनं महाग. 1945 च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. ते तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. सोबतीला अनुताई वाघ. दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या यांचीच साधनं केली. सगळ्याच वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी लेकरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. आज माझ्या दारावर जी अंगणवाडीची पाटी आहे, त्या शब्दामागे हे खरंखुरं अंगण आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती नंतर, 2 ऑक्टोबर 1975 ला.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते कोसबाडचं काम. 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेल्या. तिथली पोरं गुरं राखायची, म्हणून शाळा कुरणात नेली. तिला कुरणशाळाच म्हणत. आणि मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायच्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. बहिणीनं भावाला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारी वर्गात जाऊन बसायचं. इतकं साधं. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा माझ्या वहीत पुढचं काही उतरलं नाही.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 ला त्या गेल्या. आपण पहिलीत बसलो त्याच्या आदल्याच वर्षी.

माझ्या अंगणवाडीत तीन वर्षांखालची लेकरं बसवायची सोय नाही, ती फक्त आहार आणि लसीपुरती येतात. तरी एखादी पोर शाळेत जाता जाता भावाला माझ्याकडे सोडते. मी कोपऱ्यात चटई टाकते. पर्यवेक्षिका बाईंना हे ठाऊक आहे, त्या काही बोलत नाहीत.

एक विनंती आहे. स्मरणिकेतली नावं दहावीच्या यादीवरून घेतली आहेत, म्हणून त्या मैत्रिणीचं नाव त्यात नाही. पहिलीच्या हजेरीत ते आहे. संयोजकांना मी सांगितलंय, तिलाही निरोप दिलाय. आपल्याला कोण ओळखणार, असं ती विचारत होती. ती आली तर तिला आपल्या रांगेत बसवून घ्या.