पंडिता रमाबाईंचे शास्त्रवाचन



आपल्या सुरत शहराला पवित्र शास्त्राच्या छपाईचा जुना इतिहास आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायवी हे १८१५ साली येथे आले, गुजराती भाषा शिकले आणि भाषांतराला बसले. स्किनरसाहेब मध्येच वारले, पण काम थांबले नाही. १८२० नंतरच्या काही वर्षांतच संपूर्ण गुजराती शास्त्र याच शहरात छापून निघाले. आज दोनशे वर्षांनी आपल्या घरांत शास्त्राची टंचाई नाही. कपाटात मराठी प्रत असते, मुलांची गुजराती प्रत असते, शिवाय मोबाइलमध्ये हव्या त्या भाषेत ते मिळते. टंचाई आहे ती उघडून वाचण्याची.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी पुष्कळ जण वर्षभरात संपूर्ण शास्त्र वाचण्याचा संकल्प सोडतात. शास्त्राचे अध्याय ११८९. रोज तीन वाचले तरी वर्षअखेर थोडे उरतातच. उत्पत्तीच्या कथा भराभर वाचून होतात, मग निर्गमाच्या उत्तरार्धातील निवासमंडपाची मापे येतात, त्यामागून लेवीयातील अर्पणांचे नियम, आणि फेब्रुवारीत पानातली खूण जिथल्या तिथे राहते. पहाटे पाचला उठून वाचा, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. ज्याची लूमच्या कारखान्यात बारा तासांची रात्रपाळी आहे, तो त्या वेळी मशीनजवळ उभा असतो. त्याने काय करावे?

हा प्रश्न मनात असला की मला पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवते. शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांसाठी केलेले कार्य हे सर्व आपल्याला ठाऊक आहे. परंतु शास्त्र त्यांच्या हाती कसे आले, कितीदा बाजूला पडले आणि मग रोजचे कसे झाले, हा भाग आपण क्वचितच सांगतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानणाऱ्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले होते. रमा शिकण्याच्या वयाची झाली तेव्हा वडील थकले होते, म्हणून शिकवण्याचे काम आईकडे आले. घरात माणसांचा राबता, कामाचा डोंगर. दिवसा आईला क्षणाची उसंत नसे. तेव्हा ती भल्या पहाटे, पाखरे बोलू लागायच्या वेळी, झोपेने जड झालेल्या मुलीला मायेने उठवून जवळ घेई आणि पाठ म्हणवून घेई. मुलीच्या हातात पोथी नसे. आई म्हणेल ते ऐकायचे आणि पुन्हा म्हणायचे. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला मुखोद्गत झाले.

त्या माउलीने पहाट निवडली ती पहाट पवित्र म्हणून नव्हे, तर तेवढीच वेळ तिच्या हातात होती म्हणून. हे आपण विसरतो आणि पहाटेलाच धरून बसतो. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला बांधव अंघोळ करून चहा घेतो. झोपण्यापूर्वीची ती दहा मिनिटे हीच त्याची पहाट.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे वाचीत देशभर फिरले. पुराण संस्कृतात वाचले जाई. ऐकणाऱ्यांना त्यातले बहुधा काही समजत नसे आणि कोणी अर्थही सांगत नसे. कानावर पडले की पुण्य लागले अशी वाचणाऱ्यांची व ऐकणाऱ्यांचीही समजूत. रमाबाईंनी हे स्वतः वर्षानुवर्षे केले होते. मग दुष्काळ आला. १८७४ साली आईवडील उपासमारीने थोड्याच अंतराने गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

त्याच कलकत्त्यात ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यात बहीणभावांना पवित्र शास्त्राची संस्कृत प्रत भेट मिळाली. पुस्तक दिसायला सुंदर होते. रमाबाईंनी ते उघडून वाचून पाहिले. भाषा संस्कृतच, पण त्यांच्या ओळखीच्या ग्रंथांची नव्हे. शिकवण तर अगदीच परकी. हे वाचण्यात वेळ फुकट जाईल असे ठरवून त्यांनी ते मिटले. मात्र ती प्रत त्यांनी टाकली नाही, ती शेवटपर्यंत आपल्याजवळ ठेवली.

ज्या बाईने पुढे संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तिची आणि शास्त्राची पहिली भेट ही अशी झाली. लेवीयापाशी अडकलेल्या वाचकाला कोणी अविश्वासू म्हणू लागला तर त्याने ही हकीकत जरूर ऐकावी.

१८८० साली डाक्क्याला श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला आणि त्या आसामातील सिल्चरला राहू लागल्या. तोवर जुन्या धर्मावरील त्यांचा विश्वास उडाला होता आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नव्हते. एके दिवशी घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहानसे चोपडे सापडले. ते तेथे कसे आले हे त्यांना कधीच कळले नाही. ते लूककृत शुभवर्तमान होते, बंगाली भाषेत. ते मात्र त्यांनी आवडीने वाचून काढले.

दोन पुस्तकांतला फरक पाहा. एक जाडजूड, पुरे शास्त्र, विद्वानांच्या भाषेत. दुसरे चोवीस अध्यायांचे, त्या घरात रोज बोलल्या जाणाऱ्या भाषेत. पहिले विदुषीच्या हातूनही मिटले गेले, दुसरे तिने संपवले. ज्याची सवय तुटली आहे त्याने उत्पत्तीपासून नव्याने सुरुवात करण्याचा हट्ट सोडावा व लूक घ्यावा, असे मला वाटते. रोज एक अध्याय, जमले नाही तर अर्धा. दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी मागची थकबाकी फेडत बसू नये. त्या दिवसाचे वाचावे व पुढे जावे. एका अध्यायाने चालणाराही सव्वातीन वर्षांत सबंध शास्त्र पार करतो. जानेवारीत धावत सुटून फेब्रुवारीत बसणाऱ्यापेक्षा तो कितीतरी पुढे असतो.

तेथील बॅप्टिस्ट मिशनरी ॲलनसाहेब घरी येऊन रमाबाईंना उत्पत्तीचा अर्थ सांगू लागले. पतीला हे पसंत नव्हते. परंतु हा संसारच अल्पायुषी ठरला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावी गेले आणि दहा महिन्यांच्या मनोरमेला घेऊन रमाबाई महाराष्ट्रात परतल्या. पुण्यात मिस हरफर्ड या मिशनरी बाई त्यांना इंग्रजी शिकवीत आणि त्यांच्याबरोबर मराठी नवा करार वाचीत. येथे वाचनाला प्रथमच नियमित सोबत मिळाली. एवढ्या मोठ्या पंडितेने दुसऱ्या कोणाशेजारी बसून वाचण्यात कमीपणा मानला नाही.

१८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्यानंतरही चर्चने सांगितले म्हणून मान्य, असे त्यांनी केले नाही. शास्त्रात ते कोठे आहे असे त्या विचारीत, आणि धर्मभगिनींना व शिक्षिकांना लांबलचक पत्रे लिहून वाद घालीत. मात्र आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही, ही जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी झाली. इतकी वर्षे त्या वाचीत होत्याच. चार दिवसांत मनाला काही लागले नाही म्हणून पुस्तक मिटणाऱ्यांनी ही सात-आठ वर्षे ध्यानात घ्यावीत.

मग त्या अमेरिकेला गेल्या, तेथे व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, मदत मिळवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. सदनात कोणावर धर्माची सक्ती करायची नाही असा नियम होता व बाईंनी तो पाळला. परंतु स्वतःचे रोजचे शास्त्रवाचन व प्रार्थना त्यांनी सोडली नाही. आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन त्या वाचायला बसत आणि खोलीचे दार उघडे असे. ज्यांना वाटे त्या मुली येऊन बसत. यावरून पुण्यात गहजब उडाला. वर्तमानपत्रांतून टीका झाली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या.

ते दार लावून घेतले असते तर कदाचित एवढे वादळ झाले नसते. पालकांची भीती अगदीच निराधार होती असेही नाही, कारण काही मुलींची मने खरोखरच त्या वाचनाकडे ओढली गेली होती. पण आपल्याच घरात, आपल्याच लेकरासोबतची उपासना चोरून करायला बाई तयार नव्हत्या. सदन त्यातूनही टिकले.

यापुढचा भाग आपल्या गुजरातशीही जोडलेला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या व केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. नंतर १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत तो अजून छप्पनियो म्हणून ओळखला जातो, कारण विक्रम संवत १९५६ चालू होते. बाईंनी आपली माणसे गुजरातेत पाठवली आणि येथील शेकडो निराधार मुलींना केडगावी नेले. या मुलींना अक्षरओळख नव्हती, मराठी येत नव्हती. त्यांना अन्न दिले, वस्त्र दिले, हातांना काम दिले, वाचायलाही शिकवले. पण त्यांनी वाचायचे काय? त्या वेळचे मराठी शास्त्र संस्कृत शब्दांनी जड होते. शेतकऱ्याघरच्या मुलीला ते ऐकून फारसे समजेना. रमाबाईंना लहानपणीची ती देवळे आठवली असल्यास नवल नाही.

मग पन्नाशीकडे झुकलेल्या या पंडितेने संस्कृत बाजूला ठेवले, इब्री व ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि १९०५ च्या सुमारास साध्या, बाईमाणसांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर करायला घेतले. छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या तेथल्याच स्त्रिया व मुली. हे काम सुमारे सतरा वर्षे चालले. शास्त्रात वचने एकतीस हजारांच्या आसपास आहेत. हिशेब केला तर दिवसाला पाच वचनेच पडतात. शेकडो जणींचे अन्नपाणी, आजारपणे, शेती, पत्रव्यवहार आणि वाढता बहिरेपणा सांभाळून रोजची पाच वचने!

सुरतेत आपल्यापैकी अनेकांची घरे खानदेशातून आली. घरात आई अहिराणी बोलते, वडील छापील मराठी वाचतात, मुले शाळेत गुजराती शिकतात. अशा घरात कौटुंबिक उपासनेला एकच प्रत फिरवली की मुले कंटाळतात आणि आई नुसती बसून राहते. माझ्या पाहण्यातील एका कुटुंबात मुलगा तोच उतारा आधी गुजरातीत वाचतो, मग वडील मराठीत वाचतात आणि शेवटी आजी आपल्याला काय कळले ते अहिराणीत सांगते. सात-आठ वचनांना पाव तास लागतो. पुष्कळदा आजीचाच भाग सर्वांत लांबतो, आणि तिला एक अक्षरही वाचता येत नाही.

रमाबाईंची शेवटची वर्षे जड गेली. त्यांच्यामागे काम सांभाळील अशी आशा जिच्यावर होती, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. बाईंची स्वतःची प्रकृतीही ढासळली होती. तरी मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी हातचे सोडले नाही. ते पुरे होते न होते तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. छापखान्यातील मुलींनी राहिलेली पाने छापली, आणि १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र केडगावहून बाहेर पडले.