रेव्हरंड नारायण वामन टिळक

कोकणातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांचा विरह सोसला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनची त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. परंतु त्यांची करुणा मिशनच्या चौकटीत मावणारी नव्हती. त्यांच्या घरी पोरक्या मुलांना आसरा मिळे. धर्मांतर न केलेल्या बालकवींनाही तेथेच पितृवत माया लाभली. ख्रिस्तभक्ती या मातीतलीच वाटावी म्हणून त्यांनी अभंग रचले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते. १९१९ साली ते निवर्तले. संस्थेची माया तिच्या उंबरठ्यापाशी थांबू नये, हे हीरक महोत्सवी वर्षात आपणही स्मरावे.