ऋषिऋण फेडणारा रसायनशास्त्रज्ञ : व्हीक्तॉर ग्रीन्यार

मनुष्य जन्मतःच देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे घेऊन येतो, असे आपली परंपरा सांगते. देवस्थानाच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र आलेल्या कुटुंबांना त्यांतील पहिली दोन ऋणे निराळी समजावून सांगावी लागत नाहीत. नित्य पूजाअर्चा, उत्सव-पालख्या आणि श्राद्धपक्ष ह्यांच्या द्वारे त्यांचे स्मरण घरोघरी होत असते. तिसरे ऋण ज्ञानाचे आहे. ते अध्ययनाने फेडावयाचे, मिळालेल्यात भर घालून पुढच्यांच्या हाती द्यावयाचे, आणि ते आपणांस कोणाकडून लाभले ह्याचा विसर पडू द्यावयाचा नाही. ह्यातील शेवटची अट सर्वांत कठीण होय. कारण कीर्ती दारी आली की पूर्वसूरींचे स्मरण पुसट होऊ लागते. ही अट पाळणाऱ्या विद्वानांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हीक्तॉर ग्रीन्यार ह्यांचे नाव आदराने घ्यावे लागेल.

ग्रीन्यार ह्यांचा जन्म ६ मे १८७१ रोजी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील शेरबूर ह्या बंदरात झाला. वडील जहाजांची शिडे तयार करणाऱ्यांपैकी. पुढे ते तेथील नौदलाच्या कारखान्यात मुकादम झाले. घरची स्थिती बेताची असली तरी मुलगा बुद्धीचा तल्लख होता. १८८९ मध्ये स्पर्धा-परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याने क्ल्यूनी येथील शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात प्रवेश मिळविला. परंतु माध्यमिक शिक्षण जुन्या वळणाचे असावे की आधुनिक, ह्या वादात ते विद्यालयच दोन वर्षांनी बंद पडले आणि तेथील विद्यार्थी अन्यत्र पाठविण्यात आले. अशा रीतीने ग्रीन्यार १८९१ मध्ये लीआँ विद्यापीठात येऊन दाखल झाले.

त्यांचा ओढा गणिताकडे होता, तथापि गणिताच्या पदवी-परीक्षेत त्यांना अपयश आले. नंतर सक्तीच्या लष्करी सेवेत काही काळ गेला. तेथून परतल्यावर १८९४ मध्ये त्यांनी ती पदवी मिळविली खरी, पण पुढे काय, हा प्रश्न उरलाच. लूई रूसे ह्या सहाध्यायी मित्राने त्यांना रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करण्याचा आग्रह केला. रसायनशास्त्र म्हणजे केवळ स्मरणशक्तीवर भार टाकणारा विषय, असा ग्रीन्यार ह्यांचा पूर्वग्रह होता. म्हणून ते आढेवेढे घेतच तेथे गेले. प्रत्यक्ष काम करू लागल्यावर मात्र त्या शास्त्रातील तर्कसंगती त्यांच्या ध्यानी आली व त्यांचे मन तेथेच रमले. प्रथम बूव्हो आणि नंतर विभागाचे प्रमुख फिलीप बार्ब्ये ह्यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. बार्ब्ये हेच त्यांचे गुरू.

ग्रीन्यार ह्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या काळची एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. वनस्पतींचे अर्क, सुगंधी तेले, रंग, औषधे ह्यांतील बहुसंख्य संयुगांचा सांगाडा कार्बन अणूंच्या साखळीचा असतो. असे संयुग प्रयोगशाळेत घडवावयाचे तर एक कार्बन अणू दुसऱ्यास इच्छित स्थानी जोडता आला पाहिजे. फ्रँकलंड ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८४९ च्या सुमारास जस्त आणि कार्बनी गट ह्यांची संयुगे सिद्ध केली होती व त्यांच्या साह्याने अशी जोडणी काही प्रमाणात साधत असे. परंतु ही संयुगे हवा लागताच पेट घेत आणि कित्येक ठिकाणी त्यांची क्रिया अपुरी पडे. मॅग्नेशियमची तत्सम संयुगेही पूर्वी तयार झाली होती. पण तीही ज्वालाग्राही, शिवाय नेहमीच्या द्रवांत न विरघळणारी असल्याने कोणी त्यांच्या वाटेस फारसे जात नसे.

बार्ब्ये सुगंधी तेलांतील द्रव्यांवर संशोधन करीत होते. गवती चहाच्या तेलात आढळणाऱ्या मिथिलहेप्टेनोन ह्या द्रव्यास एक कार्बन जोडून त्यापासून अल्कोहॉल बनविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. जस्ताने काम होईना, तेव्हा त्यांनी जस्ताच्या जागी मॅग्नेशियम वापरून पाहिले. मॅग्नेशियम, मिथिल आयोडाइड व मूळ द्रव्य एकाच पात्रात एकत्र आणताच अपेक्षित अल्कोहॉल मिळाले. हा निष्कर्ष त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि ह्या पद्धतीचा भरवसा नव्हता. एकदा उत्तम उत्पन्न मिळावे, तर दुसऱ्यांदा जवळजवळ काहीच हाती लागू नये. बार्ब्ये ह्यांनी तो प्रश्न सोडून दिला आणि प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या आपल्या शिष्याच्या स्वाधीन केला.

ग्रीन्यार ह्यांनी प्रथम जुने वाङ्मय धुंडाळले. फ्रँकलंड आणि वँकलिन ह्यांनी जस्ताची संयुगे निर्जल ईथरमध्ये तयार केली होती, ही बाब त्यांच्या दृष्टीस पडली. त्यावरून त्यांनी असा विचार केला की, सर्व द्रव्ये एकदम एकत्र आणण्याऐवजी मॅग्नेशियमचे संयुग आधी स्वतंत्रपणे ईथरमध्ये सिद्ध करावे आणि मग त्यात दुसरे द्रव्य घालावे. मॅग्नेशियमचा कीस कोरड्या ईथरमध्ये ठेवून त्यावर मिथिल आयोडाइड थेंब थेंब सोडताच ईथर आपोआप तापून उकळू लागले. हळूहळू धातू नाहीसा झाला आणि पात्रात विद्राव उरला. तो वेगळा काढण्याची वा शुद्ध करण्याची गरज नव्हती. त्याच पात्रात आल्डिहाइड किंवा कीटोन घातले की कार्बनशी कार्बन जोडला जाई. पथ्य एकच, पाण्याचा अंशही आत जाता कामा नये. कारण पाण्याच्या स्पर्शाने तो विद्राव तत्काळ निकामी होतो.

हा शोध आंरी म्वासां ह्यांच्यामार्फत मे १९०० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला आणि १९०१ मध्ये त्याच विषयावरील प्रबंधास लीआँ विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. फॉर्माल्डिहाइडपासून प्राथमिक, इतर आल्डिहाइडांपासून द्वितीयक व कीटोनांपासून तृतीयक अल्कोहॉल. कार्बन डाय-ऑक्साइडपासून अम्ल. आणि नुसत्या पाण्यापासून हायड्रोकार्बन. एकाच साधनाने इतक्या प्रकारची द्रव्ये घडविता येतात, हे पाहून युरोपातील प्रयोगशाळा त्याकडे वळल्या. १९०४ मध्ये धाकटे पर्किन ह्यांनी टर्पिनिऑल हे सुगंधी द्रव्य ह्याच विक्रियेच्या आधारे संश्लेषित केले. त्याच सुमारास नॉटिंगहॅम येथे किपिंग ह्यांनी तिच्या साह्याने सिलिकॉनच्या कार्बनी संयुगांचा अभ्यास आरंभिला. पुढील काळातील सिलिकोन उद्योगाची बीजे तेथे आढळतात.

ग्रीन्यार ह्यांनी बझांसाँ व लीआँ येथे अध्यापन केले आणि १९०९ मध्ये ते नान्सी येथे गेले. १९१० मध्ये त्यांचा विवाह झाला. १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ग्रीन्यार आणि तुलूझचे पॉल साबात्ये ह्यांना विभागून जाहीर झाले. साबात्ये ह्यांचे कार्य सूक्ष्म धातुकणांच्या साह्याने हायड्रोजन जोडण्यासंबंधीचे होते व त्यात साँदरांस नावाचे धर्मगुरू त्यांचे दीर्घकालीन सहकारी होते.

एक्केचाळीस वर्षांच्या ग्रीन्यार ह्यांच्या मनाची खरी परीक्षा ह्याच वेळी झाली. गुरूचे नाव पारितोषिकात नव्हते. शिष्याने मौन पाळले असते तरी कोणी दोष दिला नसता. कारण अविश्वसनीय प्रयोगाचे विश्वसनीय पद्धतीत रूपांतर त्यानेच केले होते. तथापि ग्रीन्यार ह्यांनी आपल्या एका निकटवर्ती व्यक्तीस लिहिलेल्या पत्रात मन मोकळे केले. आपण आणखी थोडे थांबावे, आधी साबात्ये व साँदरांस ह्यांना मिळून पारितोषिक लाभावे आणि मागाहून ते बार्ब्ये ह्यांच्यासह आपणांस लाभावे, हे आपल्याला अधिक आवडले असते, असा त्या पत्राचा आशय होता. स्टॉकहोम येथील व्याख्यानातही, मॅग्नेशियम वापरण्याची मूळ कल्पना बार्ब्ये ह्यांची होती, हे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले. ह्यात कृत्रिम विनय नव्हता. गुरूने काय दिले व आपण त्यात काय मिळविले, ह्याचा तो चोख हिशेब होता.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा ह्या नोबेल-विजेत्या प्राध्यापकास त्याच्या जुन्या कॉर्पोरलच्या हुद्द्यावर पहाऱ्याच्या कामास लावण्यात आले. काही महिन्यांनी शासनाला त्यांच्या विद्येची आठवण झाली. स्फोटकांसाठी लागणाऱ्या टोल्यूइनवर त्यांनी काम केले. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडल्यावर युद्धाला निराळेच वळण लागले. ग्रीन्यार ह्यांना पॅरिस येथे विषारी वायूंच्या संशोधनात गुंतावे लागले. फॉस्जीनच्या निर्मितीचा अभ्यास त्यांनी केला, तसेच मस्टर्ड वायूचा अत्यल्प अंशही ओळखता यावा अशी कसोटी सहकाऱ्यांसह शोधून काढली. ती कसोटी सैनिकांना सावध करणारी होती, फॉस्जीन मात्र जीव घेणारे होते. चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. सुगंधी द्रव्ये आणि औषधे घडविणारी विद्या प्राणघातक वायूही घडविते आणि तिच्या उपयोगाचा भार जाणत्यांवर पडतो, हेच त्यावरून उमगते.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ग्रीन्यार लीआँ येथे परतले, ते बार्ब्ये ह्यांच्याच रिकाम्या झालेल्या आसनावर. १९२१ मध्ये तेथील औद्योगिक रसायन विद्यालयाचे संचालकपद आणि १९२९ मध्ये विज्ञानशाखेचे अधिष्ठातापद त्यांच्याकडे आले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी कार्बनी रसायनशास्त्राच्या एका बहुखंडात्मक फ्रेंच ग्रंथाचे संपादन हाती घेतले. त्याचे पहिले खंड १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १३ डिसेंबर रोजी लीआँ येथे त्यांचे निधन झाले. तोपावेतो त्यांच्या विक्रियेवर जगभरात सुमारे ६००० शोधनिबंध लिहिले गेले होते. त्यांचे पुत्र रोझे हेही रसायनशास्त्रज्ञ झाले.

रसायनशास्त्राच्या उच्च वर्गांत ग्रीन्यार विक्रिया आजही शिकविली जाते. काच कोरडी करणे, ईथर निर्जल करणे, आयोडीनचा एखादा कण टाकून क्रिया सुरू होण्याची वाट पाहणे, ह्या साऱ्या गोष्टी विद्यार्थी त्याच निगुतीने करतात. ट्रामाडॉल ह्या वेदनाशामक औषधाच्या निर्मितीतही ह्याच विक्रियेचा उपयोग केला जातो.

आणि बार्ब्ये? सर्व द्रव्ये एकाच पात्रात एकत्र आणण्याची जी पद्धती बेभरवशाची म्हणून त्यांनी सोडून दिली होती, तिच्याकडे संशोधक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने वळले. जस्त, लिथियम, इंडियम अशा धातूंसह ती वापरात आली आणि शास्त्राच्या ग्रंथांत ती बार्ब्ये विक्रिया म्हणूनच नोंदली जाते. पारितोषिकात जी दोन नावे एकत्र आली नाहीत, ती दोन्ही पाठ्यपुस्तकांत येऊन बसली आहेत.