ह्यूमसाहेबांचे पक्षीभांडार

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव शालेय इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरते भेटते. राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा निवृत्त इंग्रज सनदी अधिकारी, एवढीच त्यांची ओळख. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्याच वर्षी ह्यूम यांच्या सिमल्यातील बंगल्यातून देवदाराच्या ४७ अवजड पेट्या लंडनकडे रवाना झाल्या होत्या. आत होते सुमारे ८२ हजार नमुने, बहुतांश पक्ष्यांची जतन केलेली कातडी. एका माणसाने उभा केलेला आशिया खंडातील पक्ष्यांचा हा सर्वात मोठा संग्रह होता आणि तो त्यांनी एक पैसाही न घेता ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

ब्रिटिश संसदेतील सुधारणावादी सदस्य जोसेफ ह्यूम यांचा हा मुलगा १८४९ मध्ये हिंदुस्थानात आला. इटावा येथे नेमणूक असताना त्याने शाळा काढल्या. पक्षी जमविण्याचा नादही जोपासला. १८५७ च्या उठावात हा पहिला संग्रह नष्ट झाला. ह्यूम यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे ते अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त झाले. मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी सरकारने शेकडो मैल लांबीचे काटेरी कुंपण वाढविले होते. ते सांभाळणाऱ्या खात्याचा प्रमुख दौऱ्यावर असे तेव्हा त्याच्याबरोबर बंदूक, कापूस आणि चिठ्ठ्याही असत. सिंध, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मणिपूर अशा त्यांच्या मोहिमा पुढे गाजल्या. मणिपुरात १८८१ मध्ये मिळालेल्या एका देखण्या फेझंटला त्यांनी पत्नीचे नाव दिले.

पक्ष्याची कातडी टिकविणे हे काम ऐकायला वाटते तितके सोपे नाही. बारीक छर्ऱ्याने टिपलेल्या पक्ष्याच्या जखमांत आणि चोचीत प्रथम कापूस कोंबायचा, म्हणजे रक्ताने पिसे माखत नाहीत. मग पोटावर सरळ चीर देऊन धड बाहेर काढायचे. कवटी, पंखांची आणि पायांची हाडे मात्र आत ठेवायची. मेंदू व डोळे काढून टाकायचे. कातडीच्या आतील बाजूस त्या काळी सोमलाचा साबण चोळीत, कारण कसर आणि कातडे खाणारे भुंगेरे हे या संग्रहांचे हाडवैरी. शेवटी कापूस भरून, पंख मिटवून पक्षी उताणा निजवायचा. उष्ण हवेत हे सारे त्याच दिवशी उरकावे लागते, नाहीतर कातडी सडते आणि पिसे सुटू लागतात. सर्वात महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची. पायाला बांधलेली चिठ्ठी. तीवर ठिकाण, तारीख, नर की मादी याची नोंद. चिठ्ठी नसेल तर शास्त्राच्या दृष्टीने तो पक्षी म्हणजे नुसती पिसांची पुरचुंडी.

हिंदुस्थानभर विखुरलेले अधिकारी ह्यूम यांना असे नमुने पाठवीत. त्यांच्या निरीक्षणांसाठी ह्यूम यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालविले. सरकारशी मात्र त्यांचे फारसे जमले नाही. स्पष्टवक्तेपणामुळे १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले; १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. आता हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील समग्र ग्रंथ हातावेगळा करायचा होता. पंचवीस वर्षांच्या नोंदी त्यासाठी तयार होत्या. पण १८८४ च्या हिवाळ्यात, ते सिमल्याबाहेर असताना, घरातील एका नोकराने ती सारी हस्तलिखिते बाजारात रद्दी म्हणून विकली.

या आघाताने ह्यूम यांचे मन पक्षीशास्त्रावरून उडाले, असे त्यांचे चरित्रकार मानतात. ते पूर्णांशाने खरे नसावे. तत्पूर्वीच थिऑसॉफीच्या प्रभावाखाली ते शाकाहारी झाले होते आणि पक्षी मारणे त्यांनी सोडले होते. राजकारणही खुणावत होते. इकडे सिमल्याच्या दमट हवेत संग्रहाची वाताहत सुरू होती. म्युझियमशी अटींवरून घोळ चालू असतानाच सुमारे २० हजार नमुने नष्ट झाले. अखेर म्युझियमचे पक्षीतज्ज्ञ रिचर्ड बॉडलर शार्प स्वतः हिंदुस्थानात आले आणि उरलेला संग्रह त्यांनी पेट्यांत भरला.

ह्यूम १८९४ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले. उतारवयात ते वनस्पतींकडे वळले. १९१० मध्ये त्यांनी दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्थापन केली आणि १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ गेला, कातडी उरली. तिचे मोल कळायला मात्र शतक जावे लागले.

१८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात ह्यूम यांनी एक मातकट रंगाचा वटवट्या टिपला होता. तसा दुसरा पक्षी कोणालाच भेटेना, म्हणून ही वेगळी जात आहे की नाही यावर वाद चालला. २००२ मध्ये त्याच कातडीतील डीएनए तपासून ती स्वतंत्र जात असल्याचे सिद्ध झाले. २००६ मध्ये थायलंडमध्ये तो पक्षी जिवंत सापडला.

रानपिंगळ्याची कथा तर आपल्या घरची. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे प्रथम वर्णन केले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानेही त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन या ब्रिटिश कर्नलने मात्र आपण १९१४ मध्ये गुजरातेत एक पक्षी मिळविल्याचा दावा केला होता. त्याची ती कातडी डेव्हिडसनच्या हातची होती, असे पुढे उघडकीस आले. म्युझियममधून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेली. शोध घेणारे त्यामुळे वर्षानुवर्षे भलतीकडे भटकले. खऱ्या चिठ्ठ्यांवर विसंबून अभ्यासक शहाद्याजवळच्या जंगलात गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, रानपिंगळा समोर बसलेला आढळला.

ह्यूम यांचा संग्रह आज लंडनबाहेर ट्रिंग येथे आहे. जून २००९ मध्ये तेथे एका तरुण संगीत विद्यार्थ्याने चोरी केली. गेले ते २९९ पक्षी, मुख्यतः अमेरिका खंडातील आणि न्यू गिनीकडचे; काही तर आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जमविलेले. हेतू विचित्र होता. सामन मासा पकडण्याच्या गळाला रंगीत पिसे गुंडाळून कृत्रिम माशी बांधण्याचा व्हिक्टोरियन छंद आजही जिवंत आहे आणि जुन्या पाककृतींसारख्या त्याच्या कृती नेमक्या दुर्मिळ पक्ष्यांची पिसे मागतात. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरची मेणचट ठिपक्यांची पिसे याच छंदापायी एकेकाळी जहाजे भरून परदेशी जात. चोर सुमारे दीड वर्षाने पकडला गेला आणि बरेच पक्षी परत आले. पिसे विकण्याच्या सोयीसाठी त्यांतील अनेकांच्या पायाच्या चिठ्ठ्या मात्र कापून टाकलेल्या होत्या.